चांगले नट पुष्कळ, स्टार एखादाच. असं का?

कर्वेरोडकर (धागाकर्ता)

पुण्याला चांगल्या नटांचा तुटवडा कधीच नव्हता. १९६३पासून पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, चालू आहे. दरवर्षी भरत नाट्य मंदिरात एखादं पोरगं किंवा पोरगी असं काम करून जाते की बाहेर चहा पिताना लोक तिचं नाव विचारत राहतात. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून जया भादुरी, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, शत्रुघ्न सिन्हा अशी एकाहून एक माणसं बाहेर पडली. सगळे अभिनयात तयार. तरी यांतला 'स्टार' कोण आणि 'थोर नट' कोण, असं विचारलं की घरोघरी भांडणं लागतात. परवा आमच्या कट्ट्यावर याच विषयावर जुंपली आणि कुणीच माघार घेतली नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. मानधन, देखणेपणा, पुरस्कार, पहिल्या दिवसाचा गल्ला यांपैकी कशानेही स्टार ठरत नाही. माझी कसोटी एकच. त्याचा सिनेमा साफ पडला, लोक शिव्या घालत बाहेर आले, आणि तरीही पुढचा सिनेमा लागला की तेच लोक रांगेत उभे राहिले, तर तो स्टार. नटाला प्रत्येक भूमिकेत नव्याने परीक्षा द्यावी लागते. स्टारवर लोकांचा विश्वास असतो आणि विश्वास एका सिनेमाने जात नाही.

तुम्हाला काय वाटतं ते उदाहरणासकट लिहा. 'मला अमका आवडतो' एवढं पुरणार नाही.

मुठाकाठ

असहमत. विश्वास वगैरे शब्द गोड आहेत, पण स्टार म्हणजे लाट. १९६९ ते १९७१ राजेश खन्ना. एकामागून एक हिट, मुली रक्ताने पत्रं लिहायच्या, गाडीवर लिपस्टिकचे ठसे उमटायचे. १९६५च्या टॅलेंट हंटमधून निवडलेला मुलगा 'आराधना'नंतर काय झाला ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच ठाऊक. आणि पुढच्या दोन-चार वर्षांत उतरती कळा लागली. तुमच्या कसोटीने तो नापासच होणार, कारण सिनेमे पडायला लागल्यावर लोक परत आले नाहीत. मग राजेश खन्ना स्टार नव्हता म्हणायचं का? त्याच्यासारखी गर्दी आधी कुणाला लाभली नव्हती. लाट किती उंच गेली ते मोजायचं, किती दिवस टिकली ते नाही.

डोअरकीपरचा_पुतण्या

माझे थोरले काका शहरातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. सत्तर-ऐंशीच्या दशकातले बहुतेक सिनेमे त्यांनी अंधारात उभं राहून तुकड्यातुकड्यांत पाहिले. पडद्यापेक्षा त्यांचं लक्ष खुर्च्यांवर जास्त असायचं, कारण ते कामच होतं. ते जे सांगायचे ते या चर्चेत उपयोगी पडेल.

स्टॉलच्या खुर्च्या लोखंडी, बसायची फळी उचलली जाणारी. माणूस पुढे सरकून काठावर बसला की तिचा एक कर्र असा आवाज यायचा. साध्या सिनेमात तो आवाज इकडून तिकडून, सुटासुटा यायचा. मोठ्या हीरोची एन्ट्री जवळ आली की सगळ्या स्टॉलचा एकदम. गंमत म्हणजे हीरो अजून पडद्यावर आलेला नसायचा. दुसरंच कुणी बोलत असायचं, पण ज्यांनी सिनेमा आधी पाहिलाय त्यांना ठाऊक असायचं की आता दार उघडणार. ते पुढे सरकले की नवखेही सरकायचे. मग शिट्ट्या, मग चिल्लर. इंटरव्हलनंतर काका टॉर्च घेऊन त्या रांगांत फिरायचे आणि खुर्च्यांखाली सापडलेले पैसे झाडूवाल्या मावशींना द्यायचे.

काकांचं म्हणणं असं की, नट चांगला असेल तर लोक गप्प होतात आणि स्टार असेल तर लोक एकमेकांकडे बघतात. बाजूच्या अनोळखी माणसाकडे बघून हसतात. हे मी स्वतःही अनुभवलंय आणि घरच्या टीव्हीवर हे कधीच होत नाही.

तिसरीघंटा

@पुतण्या, प्रतिसाद फार आवडला.

मला नाटकाच्या बाजूने एक मुद्दा मांडायचाय. महाराष्ट्राने पाहिलेला सगळ्यात मोठा स्टार कोण, असं विचारलं तर मी डोळे मिटून बालगंधर्व म्हणेन. लोकमान्यांनी दिलेली पदवी नावापेक्षा मोठी झाली. चांगल्या घरातल्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायच्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालायच्या. १९११मध्ये 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलगी गेली तरी ते उभे राहिले, ही हकिकत आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे.

तेच बालगंधर्व १९३५मध्ये पुण्यातच, प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ म्हणून पडद्यावर आले. दिग्दर्शक शांताराम, कंपनी प्रभात, विषय संतांचा. काही कमी होतं का? आणि तरीही जमलं नाही. जो माणूस रंगमंचावर नुसता उभा राहिला तरी थिएटर श्वास रोखायचं, त्याचा पडद्यावर प्रभाव पडला नाही.

पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने 'संत तुकाराम' काढला. मुख्य भूमिकेत विष्णुपंत पागनीस. तेही नाटकात स्त्रीभूमिका करणारेच. आणि काय झालं ते जगाला माहीत आहे. १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्या सिनेमाचा गौरव झाला. आजही तुकोबा म्हटलं की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे पागनीसांचाच चेहरा येतो.

म्हणजे एकच स्टुडिओ, दोन स्त्रीपार्टी नट, दोन संतपट, आणि निकाल उलटा. विश्वासाचीच गोष्ट असेल तर बालगंधर्वांवर लोकांचा विश्वास काय कमी होता? तो रंगमंचावरून पडद्यावर का आला नाही, याचं उत्तर धागाकर्त्यांनी द्यावं.

कर्वेरोडकर

प्रश्न चोख आहे. उत्तराचा प्रयत्न करतो.

बालगंधर्वांचं स्टारपण त्यांच्या स्त्रीरूपात होतं, गाण्यात होतं आणि 'वन्समोअर'मध्ये होतं. एकच पद पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या जागा घेत. प्रेक्षक मागतोय आणि ते देतायत, ही देवाणघेवाण होती. पडद्याने ती तोडली. एकनाथांना कुणी 'वन्समोअर' देऊ शकत नव्हतं, आणि दिला असता तरी ते ऐकू शकत नव्हते. वर पुरुषवेश. लोकांनी ज्यावर जीव टाकला होता त्यातलं फारच थोडं पडद्यावर उरलं.

आणि पागनीसांबद्दल माझं मत कदाचित आवडणार नाही, पण लिहितो. पागनीस स्टार नव्हते. लोक 'पागनीसांचा सिनेमा' बघायला गेले नाहीत, तुकोबांना बघायला गेले. हात जोडले ते तुकोबांना. एवढं विरघळून जाणं हा अभिनयाचा कळस आहे, माझ्या मते स्टारपणापेक्षा मोठी गोष्ट आहे. पण ती वेगळी गोष्ट आहे.

@मुठाकाठ, जुलै २०१२मध्ये राजेश खन्नाच्या अंत्ययात्रेला भर पावसात मुंबईत लोटलेली गर्दी आठवा. शेवटचा मोठा हिट देऊन त्याला जमाना झाला होता. पडेल सिनेमांनी तो विश्वास पुसला गेला असता तर ते लोक घरी बसले असते. माझ्या कसोटीत तो पास होतो. रांग तिकिटाची नव्हती, एवढाच फरक.

मुठाकाठ

अंत्ययात्रेची गर्दी हा तिकीटबारीचा पुरावा होत नाही. पण मुद्दा पोचला.

प्रभातफेरी

फिल्म अर्काइव्हजच्या थिएटरमध्ये वर्षानुवर्षं जुने सिनेमे बघत आलोय, त्यावरून लिहितो. प्रेक्षकांवरच सगळं सोडू नका. स्टारकडे स्वतःचं असं काहीतरी असतं आणि ते बघता येतं. माझ्या मते ती गोष्ट म्हणजे घाई नसणं.

'दीवार'मधला गोदामाचा प्रसंग बघा. गुंड अमिताभला शोधत बाहेर फिरतायत, परत येतात तर हा आतच पाय वर टाकून बसलाय. उठतो, दाराला कुलूप घालतो, किल्ली त्यांच्याच म्होरक्याकडे फेकतो. मारामारी नंतर आहे. तोपर्यंत तो एकही हालचाल फुकट करत नाही. मान वळवायलाही वेळ घेतो. तो वेळ घेत असताना कॅमेरा त्याच्यावर थांबतो आणि आपल्याला कंटाळा येत नाही. चांगला नट अशा क्षणी 'काहीतरी करतो'. हातातली वस्तू फिरवतो, भुवई उडवतो. स्टारला काही करावं लागत नाही.

हे शिकवता येतं का? इन्स्टिट्यूटच्या झाडाखाली यावर पिढ्यानपिढ्या वाद झालेत. मला वाटतं अर्धं येतं. श्वास, आवाज, नजर कुठे ठेवायची हे शिकता येतं. पण स्वस्थ बसल्यावर लोकांनी आपल्याकडे बघतच राहावं, हे कुठल्या वर्गात मिळत नाही.

आणि एक. १९४६मध्ये याच प्रभातच्या आवारात 'हम एक हैं'साठी देव आनंद नावाचा नवखा मुलगा उभा होता आणि तिथेच काम करणाऱ्या गुरुदत्तशी त्याची दोस्ती झाली. सिनेमा काही गाजला नाही. पाच वर्षांनी दोघांनी मिळून 'बाजी' केला आणि मग लोकांना देव आनंद दिसला. माणूस तोच, चालणं तेच. तेव्हा नुसतं अंगात असून भागत नाही, कुणीतरी ते ओळखून त्याला साजेशी भूमिका लिहावी लागते. प्रकाश मेहरा आणि 'जंजीर'च्या लेखकांशिवाय अमिताभही १९७३च्या आधीचे पडेल सिनेमे मोजत बसला असता.

मनस्विनी_धायरी

एवढे प्रतिसाद झाले, सगळे पुरुष. बायकांचं काय?

१९५९च्या 'सांगत्ये ऐका'पासून सुरुवात करते, कारण तो याच गावात विजयानंदला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! हंसा वाडकर आणि जयश्री गडकर. लोक काय नायकासाठी येत होते? 'बुगडी'च्या वेळी पडद्यावर कोण होतं ते सगळ्यांना माहीत आहे. जयश्रीबाईंनी पुढची कितीतरी वर्षं मराठी सिनेमा स्वतःच्या खांद्यावर चालवला आणि तरी 'मराठीतले स्टार' अशी यादी निघाली की नावं दादा, अशोकमामा, लक्ष्या. बाईला 'गुणी अभिनेत्री' म्हणायचं, पुरुषाला 'स्टार'.

स्मिता पाटील पुण्यातली मुलगी. दूरदर्शनवर बातम्या द्यायची. 'जैत रे जैत', 'भूमिका', 'उंबरठा'. एकतीस वर्षांचं आयुष्य. ती गेल्यानंतर जन्मलेल्या मुली आज तिचा फोटो भिंतीवर लावतात, तिच्यासारखी मोठी टिकली लावतात, सुती साडी नेसतात. धागाकर्त्यांची कसोटी पुढच्या शुक्रवारची आहे. इथे पुढचा शुक्रवार यायचाच नाही, तरी विश्वास आहे. याला काय म्हणायचं?

@प्रभातफेरी, तुमचा 'घाई नसणं' हा मुद्दा स्मिताला तंतोतंत लागू आहे. 'उंबरठा'त ती नुसती ऐकत असते तेव्हा बघा. समोरचा बोलतोय आणि आपण तिच्याकडे बघतोय.

भीमाकाठचा

मी इंदापूरकडचा, नोकरीमुळे हडपसरला. इथे सगळी चर्चा शहरातल्या थेटरांची चाललीय. आमच्याकडे सिनेमा जत्रेत यायचा, तंबूत. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया, मधे प्रोजेक्टर. रीळ तुटलं की ओरडा. त्या तंबूत कोण चालायचं ते सांगतो. दादा कोंडके.

दादांची मुळं भोरजवळच्या इंगवलीची, वाढले मुंबईत नायगावच्या चाळीत. बँडपथक, सेवादलाचं कलापथक, मग 'विच्छा माझी पुरी करा'. भालजींच्या 'तांबडी माती'त पहिलं काम आणि १९७१ला स्वतःचा 'सोंगाड्या'. तिथून सलग नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी, गिनीज बुकात नोंद. हे सगळ्यांना माहीत असतं. मला दुसरं सांगायचंय. ढगळी हाफ चड्डी, लोंबणारी नाडी, बावळट चेहरा. हीरो म्हणून बघायला गेलं तर यात काहीच नाही. पण माझे आजोबा, जे कुणापुढे हसायचे नाहीत, ते दादांना बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. कारण पडद्यावरचा तो गडी पाटलापुढे, हवालदारापुढे, सावकारापुढे वाकलेला दिसायचा आणि वाकल्या वाकल्या त्यांची फजिती करायचा. आजोबांना जन्मभर जे बोलता आलं नाही ते तो बोलायचा. शहरातल्या लोकांनी द्व्यर्थी म्हणून नाकं मुरडली. गावात ती भाषा रोजची होती.

म्हणून माझं म्हणणं, स्टार तो, ज्याच्यात आपलं माणूस दिसतं. उंची, रंग, नाक-डोळे नंतर.

डोअरकीपरचा_पुतण्या

@भीमाकाठचा, शंभर टक्के. काका सांगायचे की दादांच्या सिनेमाला मार्केट यार्डातले हमाल गाळे बंद झाल्यावर थेट यायचे, अंगावर तीच धूळ. बुकिंगच्या खिडकीवर सिनेमाचं नाव कुणी घ्यायचंच नाही. 'दादाचं एक द्या', बस.

हडपसर_ते_हिंजवडी

निळूभाऊ फुल्यांचं नाव कसं कुणी घेतलं नाही अजून?

पुण्यातले, लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारे, सेवादलाचे. पडद्यावर पाटील, सरपंच, साखरसम्राट. आवाज चढवायचा नाही, उलट खाली आणायचा, आणि डोळे अर्धवट मिटून समोरच्याला आपादमस्तक न्याहाळायचं. 'सामना'त समोर डॉक्टर लागू आहेत, तेही पुण्यात प्रॅक्टिस केलेले सर्जन. दोघांच्या प्रसंगांत मला नेहमी वाटतं की लागू अभिनय करतायत, फार मोठा अभिनय करतायत, आणि निळूभाऊ नुसते बसलेत. खलनायकाच्या नावावर लोक सिनेमाला येत होते. बायका त्यांना प्रत्यक्षात बघून घाबरायच्या आणि हा माणूस आयुष्यभर कार्यकर्त्यांसाठी निधी गोळा करत हिंडला.

एवढंच. यापुढे कुणी यादी केली तर त्यांना वगळू नका.

स्क्रोल_थांबव

मी इथे सगळ्यांत लहान असेन बहुतेक. तुमचं सगळं वाचलं, छान आहे, पण आता काळ बदललाय. आज ज्याचे लाखो फॉलोअर्स आहेत तो स्टार. आमच्या कॉलेजमध्ये एक रील करणारी मुलगी आली होती तेव्हा जी गर्दी झाली ती एखाद्या सिनेमाच्या हीरोला झाली नसती. विश्वास, तिकीट, रांग हे सगळं मोबाइलमध्ये आलंय. रोज बघतोच की आम्ही तिला.

कर्वेरोडकर

@स्क्रोल_थांबव, तुझा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. रोज बघणं हेही नातंच आहे. पण बघायला तुला काय द्यावं लागतं? अंगठा सरकवायचा. स्टारसाठी माणूस काहीतरी सोडतो. दिवसाचा रोज, पावसातला प्रवास, घरच्यांचा ओरडा. ज्याच्यासाठी आपण काही सोडलं तो आपला होतो.

आणि मग त्याच्यावरही जबाबदारी येते. हे मला या धाग्यावर सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं म्हणून सविस्तर लिहितो.

१९८२च्या जुलैमध्ये बंगळुरूला 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभला मार लागला आणि तो मरणाच्या दारात गेला. देशभर लोकांनी नवस बोलले, देवळांत, मशिदींत, चर्चमध्ये प्रार्थना केल्या. तो वाचला. मूळ कथेत नायक शेवटी मरणार होता. मनमोहन देसाईंनी शेवट बदलला. ज्याला लोकांनी परत आणलं त्याला पडद्यावर मारायचं कसं? १९८३मध्ये सिनेमा लागला तेव्हा ज्या मारामारीत तो मार बसला, तिथे चित्र गोठवून पडद्यावर तसं लिहून दाखवलं. कथेच्या दृष्टीने हा अडथळा आहे. पण त्या क्षणी प्रेक्षकाला कथेपेक्षा माणूस महत्त्वाचा होता आणि दिग्दर्शकाने ते मानलं. हाच नट 'दीवार'मध्ये मरतो, 'शोले'त मरतो, आणि तिथे ते मरण शोभतं. १९८३मध्ये ते शोभलं नसतं. नटाच्या बाबतीत असं कधी होत नाही.

दुसरं, रजनीकांत. मराठी घरातला गायकवाड, बंगळुरूला बस कंडक्टर, १९७५ला तमिळ सिनेमात आला. २००२मध्ये त्याचा 'बाबा' पडला. वितरकांचं नुकसान झालं तेव्हा त्याने त्यांना पैसे भरून दिले. कायद्याने बांधलेला नव्हता. माझ्या नावावर तुम्ही पैसे लावले ना, मग माझी जबाबदारी, असा तो हिशेब. पुढच्या सिनेमाला लोक परत आले यात नवल ते काय?

मुठाकाठ

'कुली'चं उदाहरण मानलं. इथे माझी लाट कमी पडते.

पण मग मला सांगा, आजचा मराठी स्टार कोण? तुमच्या कसोटीने एक तरी नाव द्या. २०१६चा 'सैराट' घ्या. तुफान गर्दी, लोक थेटरात नाचले, रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख. २०२३चा 'बाईपण भारी देवा' घ्या. भिशीचे ग्रुप, महिला मंडळं नटूनथटून आली. दोन्ही वेळा लोक सिनेमासाठी आले, गोष्टीसाठी आले, 'अमक्याचं एक द्या' म्हणत नाही आले. नाटकात प्रशांत दामले आहेत. साडेबारा हजारांवर प्रयोग झाले, नावावर बुकिंग होतं, नाटक कुठलं ते लोक नंतर विचारतात. पण पडद्यावर?

मनस्विनी_धायरी

@मुठाकाठ, प्रश्न बरोबर आहे, पण दोष नटांवर ढकलू नका. मी गेली काही वर्षं मराठी सिनेमा थेटरातच बघायचा असं ठरवून बघते. नवा मराठी सिनेमा लागतो त्याला शो कुठले मिळतात? कोथरूडला दुपारी, पिंपरीला सकाळी सव्वादहाला, आणि मंगळवारपर्यंत तोही गायब. 'सैराट'नंतर आर्चीचं पुढचं काम बघायला मी आणि माझी भाची निघालो होतो. तिची क्लासची वेळ आणि शोची वेळ जमेना, जमली तेव्हा सिनेमा उतरला होता. नंतर मोबाइलवर अर्धा बघितला.

'सांगत्ये ऐका'ला १३१ आठवडे मिळाले, 'सोंगाड्या'ला थेटर मिळेना तेव्हा बाळासाहेब ठाकऱ्यांनी शब्द टाकला. तुम्ही म्हणता स्टार तो, ज्याच्यासाठी लोक परत येतात. पण परत यायला तो पुढच्या शुक्रवारी कुठेतरी लागलेला असायला हवा ना? विश्वास आहे की नाही हे कळायचीच सोय राहिलेली नाही.

प्रभातफेरी

हे अगदी खरं आहे. त्यात एक जोडतो. जुनी एकपडदा थेटरं आठवड्याला एकच सिनेमा लावायची, त्यामुळे मालकाला त्या नटाची पडझड सोसावी लागायची आणि चढतीही मिळायची. प्रभात टॉकीजचा करार २०१४च्या शेवटी संपला, आता तिथे किबे लक्ष्मी आहे, निदान पडदा तरी शाबूत आहे. डेक्कनची, कॅम्पातली कितीतरी नुसती नावाला उरली. मल्टिप्लेक्सला पाच पडदे असतात, शनिवारी दुपारी गर्दी दिसली नाही की संध्याकाळी शो दुसऱ्याला.

भीमाकाठचा

आमच्याकडे तर तंबूही गेला आणि तालुक्याचं थेटरही. आर्ची आमच्या बाजूची, अकलूजची. तिचा सिनेमा बघायला लोकांनी बारामती, पुणं गाठलं होतं, टमटम करून. परत कुणाचा एवढा सिनेमा आला तर परत जातील. तेवढी माणसं अजून आहेत.

कर्वेरोडकर

@मनस्विनी, तुमच्या प्रतिसादाने माझ्या कसोटीला एक अट जोडली गेली, ती मान्य. भाचीला घेऊन पुढच्या वेळी जायचं असेल तर इथे आधी कळवा. सकाळी सव्वादहाचा असला तरी कोथरूडहून आम्ही चार-पाच जण नक्की येतो.

@स्क्रोल_थांबव, तूही ये.